जिन्यातलं वाय-फाय

आमची चाळ पाडली आणि तिच्या जागी टॉवर उभा राहिला. आम्हाला पंधराव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. मी लालबागमध्येच जन्मले, वाढले, पण इतक्या वरून ते मला ओळखूच येईना. घारी खिडकीच्या खालून फिरायच्या. आजवर त्यांची पोटंच पाहिली होती, आता पाठी दिसायला लागल्या. दुपारी उन्हाचा धूसर पडदा परळपर्यंत पसरायचा, त्यात क्रेन आणि अर्धवट इमारती तरंगल्यासारख्या दिसायच्या. मी तपासायला घेतलेलं पान हातात तसंच धरून कितीतरी वेळ बाहेर बघत बसायचे.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझे वडील. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात त्या खात्यात, तीस वर्षं होते. त्या खडखडाटाने त्यांचे कान गेले, फार थोडं ऐकू येतं. मी पाठ्यपुस्तकं आणि सराव-प्रश्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. पूर्वी दादरच्या ऑफिसात जायचे. मग काम घरीच आलं आणि त्याच्यामागून वाय-फाय आलं.

जोडणी करायला आलेला माणूस शीव कोळीवाड्याचा होता. पन्नाशीचा, बोलका. जिन्यातल्या नळीतून वायर ओढून त्याने ती आमच्या घरात घेतली आणि जिथून वायर आत आली त्याच भिंतीवर राऊटर ठोकला. पलीकडे जिन्याचा मधला चौथरा होता. मी विचारलं, "भिंतीला चिकटून बसवलात, चालेल ना?"

"चालेल ताई. भिंत तुमच्यासाठी, त्याच्यासाठी नाही. लहरी आरपार जातात."

वडिलांना काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मला खुणेने विचारलं, काय म्हणतो? मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की या डबीतून इंटरनेट हवेत सोडतात, दिसत नाही, पण सगळीकडे असतं. त्यांनी वर पाहिलं. म्हणाले, "तुसासारखा?" गिरणीत कापसाचं तूस हवेत भरून असायचं, घरी येताना त्यांच्या भुवयांवर बसलेलं असायचं. मी हो म्हटलं. माझं तरी त्याहून जास्त ज्ञान कुठे होतं?

पासवर्ड काय ठेवू, असं त्या माणसाने विचारलं तेव्हा माझं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं. मी म्हटलं, काहीतरी सोपं ठेवा. त्याने एक ते आठ ठेवलं. सरळ ओळीने आकडे. जाताना वडिलांना त्याने बोटांवर मोजून दाखवलं, एक, दोन, तीन, चार, आणि वडील इतके खूश झाले की ते आठपर्यंत त्याच्याबरोबर मोजत गेले.

पहिलं वर्ष छान गेलं. मग हळूहळू सगळं मंदावायला लागलं. फाइल पाठवायला घेतली की ती निम्म्यावर जाऊन थांबायची. ऑफिसच्या बैठकीत माझा चेहरा तोंड उघडं टाकून गोठायचा. मी त्या शीव कोळीवाड्याच्या माणसाला फोन लावला.

"ताई, किती जण बसलेत तुमच्या नेटवर?"

"मी आणि बाबा. बाबा कधी कधी गावची दशावतारी नाटकं बघतात."

तो हसला. फोनवर सांगत सांगत त्याने मला राऊटरचं आतलं पान उघडायला लावलं. तिथे जोडलेल्या यंत्रांची यादी होती. माझा लॅपटॉप, माझा फोन, वडिलांचा टॅब ही तीन आमची. आणखी आठ होती. काहींनी स्वतःची नावंच फोनला दिली होती, त्यामुळे ती लगेच कळली. समोरच्यांचा टीव्ही होता, वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीचा फोन होता, शेजारच्या काकांचा फोन होता आणि त्यांच्या सुनेचाही. एकाला मात्र नावच नव्हतं. नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे, दोन-दोनच्या जोडीने.

तेव्हाच सगळं बदलायला हवं होतं. मी बदललं नाही. आळस होता, पण तेवढंच नव्हतं. चाळीत असताना कुणाच्या घरात कोण बसलंय हे येता-जाता दिसायचं. टॉवरमध्ये आल्यापासून लिफ्टमध्ये भेटलो तर भेटलो. ती यादी उघडली की मला वाटायचं, मी जुन्या गॅलरीतून चालत निघालेय. मी दिवसातून दोनदा ती बघायला लागले. आणि तो बिननावाचा पाहुणा माझ्या लक्षात राहायला लागला. तो रोज दुपारी तीनला यायचा, साडेचारला जायचा. रविवारीसुद्धा. मी प्रश्नपत्रिकेतल्या काना-मात्रा तपासत असायचे, बाहेर घारी उन्हात गोल गोल फिरत असायच्या, आणि तीन वाजले की मी यादी उघडायचे. आलेला असायचा. मला उगाच बरं वाटायचं. कोण असेल याचा मी अंदाज बांधायचे. कधी वाटायचं, खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक असतील. कधी वाटायचं, कुणी चोरून काही बघणारा असेल. तसं वाटलं की मग त्या दिवशी दोनदा दाराची कडी तपासायचे.

मग ऑफिसचा फोन आला. आता मला खऱ्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका तपासायच्या होत्या, त्यामुळे घरचं नेटवर्क सुरक्षित आहे का, हे त्यांना बघायचं होतं. तांत्रिक विभागातल्या बाईंनी विचारलं, "मॅडम, पासवर्ड मला सांगू नका, फक्त किती अक्षरी आहे ते सांगा."

"आठ."

"अक्षरं-आकडे मिसळून?"

"एक ते आठ," मी म्हटलं.

मग त्या फार सभ्यपणे म्हणाल्या, "बदलून घ्या. आजच."

त्या दिवशी मी पदर खोचून बसले. शीव कोळीवाड्याचा माणूस फोनवर होताच. तो म्हणाला, "ताई, पहिली चूक माझी. मीच तो पासवर्ड ठेवला. पण आता ऐका. कनेक्शन तुमच्या नावावर आहे. दुसऱ्या कोणी त्यावरून काही उद्योग केला, तर पोलीस तुमच्या दारात येणार." मग त्याने एकेक गोष्ट करून घेतली. राऊटरच्या आतल्या पानाचा स्वतःचा पासवर्ड वेगळा असतो, तो कारखान्यातून आला तसाच होता, तो आधी बदलला. राऊटरचं जुनं झालेलं सॉफ्टवेअर नवं केलं. बटण दाबून कुणालाही जोडून घेण्याची सोय होती, ती बंद केली. मग वाय-फायचा नवा पासवर्ड. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्या, मध्ये आकडे घाला, असं तो म्हणाला. मी वडिलांना विचारलं. त्यांनी गिरणीतला त्यांचा बिल्ला नंबर सांगितला. मी म्हटलं, तो सगळ्या लालबागला पाठ आहे. शेवटी मी चार शब्द जुळवले. ते इथे लिहीत नाही, इतकी अक्कल आता आली आहे.

नवा पासवर्ड जतन केला आणि यादी उघडली. सगळे गेले होते. मी आमची तीन यंत्रं पुन्हा जोडली. फाइल सुरकन गेली. ऑफिसच्या बाईंनी शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका लिफ्टमध्ये म्हणाले, "काय गो, तुमचं नेट बंद पडलं वाटतं? कंपनीला फोन कर की!" उलट तेच मला ओरडल्यासारखे बोलले. मी नुसती हसले. आठवड्याभरात त्यांनी स्वतःची जोडणी घेतली.

पण तीन वाजले की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. यादीत तीन ओळी, तिन्ही आमच्या. वडीलही त्या दिवसांत गप्प होते. डॉक्टरांनी त्यांना रोज दुपारी बाहेरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला सांगितलं होतं, त्या ते मारायचे, पण लवकर परत यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी विचारलं, बरं वाटत नाही का? त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी ते फेरीहून आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि एक कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला. वहीचं फाडलेलं पान होतं. वर सुबक, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

"आजोबा नेट गेला. बहीण दिसत नाही. माझी चूक काय?"

मी दोनदा वाचलं. "हे कुणी दिलं?"

"खालच्या मजल्यावरची. शिवणकाम करता ती. जिन्यात बसता."

"तिने लिहून का दिलं?"

"तिका ऐकाक येणा नाय. बोलाक पण येणा नाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. ती चाळिशीची बाई आमच्या खालच्याच मजल्यावर राहायची. नवरा रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. तिची धाकटी बहीण पाटणकडच्या गावात दिलेली, तिलाही जन्मापासून ऐकू येत नाही. दोघी एकाच कर्णबधिर शाळेत होत्या. दोघींचं बोलणं हातांचं, त्यामुळे साधा फोन त्यांच्या काही कामाचा नव्हता. व्हिडिओच हवा. तिच्या खोल्या शेजारच्या बहुमजली पार्किंगच्या भिंतीकडे तोंड केलेल्या, तिथे मोबाइलला धड रेंज नव्हती आणि हात दिसायला पुरेसा उजेडही नव्हता. जिन्याच्या चौथऱ्यावर मात्र मोठी खिडकी होती. वडील फेऱ्या मारताना ती त्यांना तिथे दिसली होती, फोन खिडकीशी उंच धरून, सारखं तुटणारं चित्र पुन्हा पुन्हा लावत. त्यांनी तिला पासवर्ड दिला होता. बोटांनी. एक, दोन, तीन, चार, आठपर्यंत.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू माका इचारलंस खंय?"

"मी सगळं बदलत होते तेव्हा समोर बसला होता तुम्ही! तेव्हा तरी सांगायचं."

त्यांनी कीबोर्डवरचा कागद उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "नवो पासवर्ड माका बोटांनी सांगता येना. चार शबूद. कसो सांगू? आणि तू रागावशीत असा वाटला."

मला राग आलाच होता. त्यांच्यावर आला होता आणि स्वतःवर त्याहून जास्त. वर्षभर मी त्या अक्षर-आकड्यांच्या ओळीवरून काय काय रचत बसले होते, आणि ती ओळ माझ्यापासून एका भिंतीपलीकडे बसलेली होती. आणि त्या कागदावरचा शेवटचा प्रश्न. तिला वाटत होतं, तिच्याच हातून काही झालं म्हणून आम्ही तिला बंद केलं.

मी चौथऱ्यावर गेले. ती नव्हती. खिडकीखाली एक छोटं प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर उन्हाचा चौकोन पडला होता. मी तिच्या दारापाशी गेले आणि बेल दाबली. आतून आवाज आला नाही, पण दाराच्या फटीतून दिवा लुकलुकलेला दिसला. तिने दार उघडलं. गळ्यात मोजपट्टी, मागे शिवणयंत्र, कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी फुलं. मला पाहून ती एकदम मागे सरली. मी वही पुढे केली. वाटेत लिहूनच आणलं होतं: "चूक तुमची नाही. मी पासवर्ड बदलला. तुम्ही आहात हे मला ठाऊक नव्हतं."

तिने वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेऊन खाली लिहिलं, "बहीण काळजी करते. तीन दिवस. मला वाटते ती रडली." मुद्रितं तपासणाऱ्या माझ्या हाताला त्या वाक्यात एकही खूण करावीशी वाटली नाही.

मी तिथूनच माझ्या फोनवरून नेट दिलं. त्यावर चित्र पाच मिनिटं टिकलं. पडद्यावर तिच्यासारखीच एक बाई आली, जरा बारीक, डोक्यावर पदर, मागे शेणाने सारवलेलं अंगण. दोघींचे हात एकदम सुटले. मला त्यातलं काही कळलं नाही, पण धाकटी भांडतेय आणि थोरली समजूत घालतेय, एवढं कुणालाही कळलं असतं. घर अगदी शांत होतं, फक्त बांगड्या वाजत होत्या. त्या दोघींचं बोलणं भिंती आणि डोंगर ओलांडून चाललंय आणि खोलीत एक शब्दही नाही, या जाणिवेने मला गुंगी आल्यासारखं झालं.

वर येऊन मी पुन्हा शीव कोळीवाड्याला फोन लावला. तिला आमचा पासवर्ड देता येणार नव्हता, प्रश्नपत्रिका होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोपं आहे ताई. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढा. तुमच्या राऊटरमध्येच आहे. घरात बाहेरची खोली असते ना, तसं. पाहुणा तिथे बसतो, चहा पितो, पण आतल्या कपाटापर्यंत जात नाही."

"म्हणजे माझ्या फाइली तिला दिसणार नाहीत?"

"तिला तुमचा लॅपटॉप आहे की नाही, हेसुद्धा कळणार नाही. फक्त पासवर्ड नीट ठेवा, आणि तो तिलाच द्या. पुन्हा सगळ्या मजल्याला वाटू नका."

ऑफिसच्या बाईंनाही मी विचारलं. आधी त्या का-कू करत होत्या. मग मी त्यांना बहिणींबद्दल सांगितलं. त्यांनी राऊटरच्या पानाचा फोटो मागवला, पाहुण्यांना घरातली यंत्रं दिसू नयेत ही खूण केलीये ना, ते बघितलं आणि म्हणाल्या, "चालेल."

आता उरला पासवर्ड. वडील हटून बसले की तो बोटांनी सांगता आला पाहिजे. मी म्हटलं, मग आकडेच, पण ओळीने नाही, आणि बारा तरी हवेत. त्यांनी डोळे मिटून सुचतील तसे बारा आकडे सांगितले. त्यात कुणाची जन्मतारीख नाही ना, हे मी तपासलं. मग ते खोलीत फेऱ्या घालत ते बोटांवर घोकायला लागले. त्यांना पाठ व्हायला दोन दिवस लागले. मी म्हटलं, कागदावर लिहून देते. म्हणाले, कागद हरवता.

पाठ झाले त्या दुपारी आम्ही दोघं चौथऱ्यावर गेलो. ती आली. वडील तिच्यासमोर उभे राहिले, सदरा सारखा केला आणि बोटं उघडत-मिटत एकेक आकडा दाखवायला लागले. ती फोनवर टिपत गेली. सातव्या आकड्यावर ते अडखळले. हात हवेत तसाच राहिला. मी सांगणार होते, पण तिने मला हाताने थांबवलं आणि वाट पाहिली. त्यांना आठवलं. बारावा आकडा झाला आणि पडद्यावर पाटणचं अंगण उघडलं.

धाकटीने वडिलांना पाहून नमस्कार केला. मग एक मजा झाली. साचेखात्यात मागांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, तेव्हा हे लोक खुणांनीच बोलत. धागा तुटला, चहाला चल, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला. वडिलांनी इतक्या वर्षांनी त्या खुणा काढल्या. ऐटीत मिशीवर ताव दिल्यासारखं करून त्यांनी जॉबरची खूण दाखवली. धाकटीला वाटलं, ते तिच्या नवऱ्याची चौकशी करताहेत. तिने नवरा शेतात गेलाय, असं सांगितलं. वडिलांना वाटलं, जॉबर मेला. त्यांनी हळहळून हात जोडले. थोरली पोट धरून हसली, भिंतीला टेकून हसली, आणि तिचं ते हसणं मात्र आवाजाचं होतं, जाडंभरडं, मोकळं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून पाहिलं.

त्यानंतर वडिलांच्या फेऱ्या लांबल्या. मीही साडेतीनला काम बाजूला ठेवून चहा घेऊन जिन्यात जायला लागले. मला आता तीसेक खुणा येतात. चहा, ऊन, उद्या, सासू, कंटाळा. व्याकरण चुकतं, आणि ती ते लगेच दुरुस्त करते.

थंडीत धाकटी मुंबईला आली, आठ दिवसांसाठी. तिने समुद्र पाहिला नव्हता. थोरलीने मला लिहून विचारलं, तुम्ही येता का, टॅक्सीवाल्याशी बोलायला कुणी हवं. वडील म्हणाले, मीही येणार. आम्ही चौघं दुपारीच दादरच्या चौपाटीवर गेलो. ओहोटी होती. वडील कठड्यावर बसले. धाकटी चपला हातात घेऊन वाळूत उतरली, पाण्याजवळ गेली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग वळून तिने मला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. थोरलीने माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं: आवाज आहे?

मी हो म्हटलं. कसा, ते धाकटीने विचारलं. मला सांगता येईना. मी हाताने काहीतरी करून दाखवलं, ते तिला पटलं नाही. तिने ओठ मुडपले आणि ती आणखी दोन पावलं आत गेली. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं, आणि तिने दोन्ही हात वर करून बहिणीकडे बघत काहीतरी भराभर सांगायला सुरुवात केली. थोरली उत्तर देत देत तिच्या मागे गेली. दोघींच्या साड्या भिजल्या. ऊन त्यांच्या पलीकडे होतं, त्यामुळे मला फक्त चार हात दिसत होते.

परतताना टॅक्सीवाल्याने दार उघडण्याआधी आमच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, रेती झटकून बसा हां, गाडी कालच धुतलीय." मग आम्ही चौघं एकमेकांचा खांदा धरून, एकेका पायावर उभे राहून रस्त्याच्या कडेला पाय झटकत राहिलो.